क्रिप्टो पहिल्यांदा वापरताना: खरेदीच्या आधीची कामे, पाठवण्याचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

क्रिप्टो चलन पहिल्यांदा हाताळणारी बहुतेक माणसे एकाच वाटेने जातात. आधी ॲप उतरवून घेतात, घाईघाईने केवायसी पूर्ण करतात, त्याच दिवशी पैसे भरून काहीतरी विकत घेतात, आणि वॉलेट, सीड फ्रेज, नेटवर्क, टीडीएस हे शब्द त्यांच्या कानावर पडतात ते अडचण उभी राहिल्यानंतर. बँकेच्या व्यवहारात हा क्रम खपून जातो, कारण तिथे चूक झाल्यास अर्ज द्यायला शाखा असते आणि तक्रार ऐकायला लोकपाल असतो. क्रिप्टोमध्ये चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत बोलावणारी कोणतीही यंत्रणा नाही. त्यामुळे इथे क्रम उलटा ठेवावा लागतो: पैसे बाहेर काढण्याची वाट आधी तपासायची, हरवलेले वॉलेट परत मिळवण्याचा सराव त्यानंतर करायचा, आणि खरी रक्कम सर्वांत शेवटी घालायची.

क्रिप्टो घ्यावे की घेऊ नये, हा या लेखाचा विषय नाही. भारतात ते कायदेशीर चलन नाही, ते बाळगण्यावर किंवा त्याची खरेदी-विक्री करण्यावर बंदीही नाही, आणि त्यातल्या नफ्यावर कर मात्र आहे, एवढे गृहीत धरून पुढे जाऊ.

## टप्पा १: फोन, सिम आणि ईमेल

मुंबईत फोन जाण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त धरूनच तयारी करावी. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर रुळांलगतून काठीचा फटका मारून फोन पाडण्याचे प्रकार शहराला नवे नाहीत, आणि गर्दीच्या डब्यात शेजारच्या माणसाला आपला पडदा सहज वाचता येतो. फोन गेल्याचे नुकसान काही हजारांचे असते. त्यातल्या सिमवर येणाऱ्या ओटीपीमुळे होणारे नुकसान किती असेल याचा अंदाज बांधता येत नाही.

क्रिप्टोसाठी एक स्वतंत्र ईमेल पत्ता उघडावा आणि तो इतर कुठेही देऊ नये. त्या ईमेलला आणि एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या मंचाच्या, खात्याला दुहेरी पडताळणी लावताना एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनवरच सतत नवा कोड तयार करणारे ॲप, वापरावे, कारण बनावट कागदपत्रे देऊन तुमच्या क्रमांकाचे दुसरे सिम काढले गेल्यास एसएमएस थेट चोराकडे जातात. ऑथेंटिकेटर लावताना मिळणारे राखीव कोड कागदावर लिहून घरी ठेवावेत. सिमलाही पिन लावावा, म्हणजे ते दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी चालणार नाही. मात्र मोबाइल कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकल्यास सिम बंद पडते आणि मग ते पुन्हा उघडायला कंपनीकडचा पीयूके कोड लागतो. चोरी झाल्यास संचार साथी संकेतस्थळावरून फोन बंद करता येतो, पण त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, हाताशी लागतो. तोही त्याच कागदावर लिहून ठेवावा.

तपासणी: फोन बंद करून बाजूला ठेवावा आणि दुसऱ्या यंत्रावरून, फक्त कागदावरच्या नोंदींच्या आधारे, ईमेल उघडता येतो का ते पाहावे. उघडला नाही, तर पुढचा टप्पा सुरू करू नये.

## टप्पा २: एक्स्चेंज निवडणे आणि केवायसी

मार्च २०२३ पासून क्रिप्टोची देवघेव करून देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या असून त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या केंद्रीय यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेल्या परदेशी मंचावर शुल्क कमी दिसले तरी नवशिक्याने तिकडे जाऊ नये. अर्थात, नोंदणी म्हणजे ठेवीची हमी नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण असते, एक्स्चेंजवरच्या शिलकीला तसे काहीही नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची मालमत्ता चोरीला गेली, आणि पुढे एक वर्षाहून अधिक काळ ग्राहकांना आपले क्रिप्टो काढता आले नाही, हे लक्षात ठेवूनच तिथे किती रक्कम पडू द्यायची ते ठरवावे.

खाते उघडण्यापूर्वी ज्या गोष्टी तपासाव्यात, त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट लोक सहसा विचारत नाहीत: इथे घेतलेले क्रिप्टो बाहेरच्या, म्हणजे स्वतःच्या ताब्यातल्या वॉलेटमध्ये नेता येते का? काही ॲपवर ते मुळीच नेता येत नाही, तर काहींवर ठरावीक नाण्यांपुरते, ठरावीक नेटवर्कवरून (नेटवर्क म्हणजे नाणे ज्या ब्लॉकचेनवर फिरते ती) आणि किमान मर्यादेच्या वर नेता येते. ती मर्यादा आणि काढण्याचे शुल्क आधी वाचावे. त्यानंतर एकाच क्षणी दिसणारा खरेदीचा आणि विक्रीचा भाव लिहून त्यांतला फरक काढावा. ‘शून्य शुल्क’ असे लिहिलेल्या ॲपचे उत्पन्न बहुधा याच फरकात असते. जे शुल्क उघड आकारले जाते, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो.

केवायसी अडकण्याचे आपल्याकडचे नेहमीचे कारण म्हणजे नाव. पॅनवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये, बँकेत फक्त आद्याक्षरे, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत एका कागदावर माहेरचे आडनाव तर दुसऱ्यावर सासरचे. खाते नाकारले गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा तिन्ही कागद शेजारी ठेवून आधीच ताडून पाहावेत आणि फरक असल्यास दुरुस्ती करून घ्यावी.

बँक खाते स्वतःच्याच नावाचे असावे, आणि ज्यात पगार जमा होतो किंवा ज्यातून घराचा हप्ता कापला जातो ते खाते जोडू नये. यासाठी वेगळे बचत खाते उघडावे. याचे कारण सातव्या टप्प्यात येईल.

सावधान: ॲप शोधताना जाहिरात म्हणून वर येणाऱ्या दुव्यावर बोट ठेवू नये. एक्स्चेंजचा पत्ता एकदा खात्री करून ब्राउझरमध्ये साठवावा आणि पुढे नेहमी तिथूनच जावे.

## टप्पा ३: वॉलेट आणि सीड फ्रेज

नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून थोडे सविस्तर.

वॉलेट या ॲपमध्ये नाणी नसतात. कोणत्या पत्त्यावर किती रक्कम आहे याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामाईक नोंदवहीत, असते, आणि ती रक्कम हलवण्याचा अधिकार देणारी गुप्त किल्ली वॉलेटमध्ये असते. ही किल्ली ज्यातून तयार होते, ते १२ किंवा २४ इंग्रजी शब्द म्हणजे सीड फ्रेज. बहुतेक वॉलेट हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून घेतात. म्हणून फोन फुटला, ॲप काढून टाकले किंवा ॲप बनवणारी कंपनी बुडाली, तरी शब्द शाबूत असतील तर रक्कम शाबूत राहते. आणि शब्द दुसऱ्याच्या हाती गेले, तर फोन तुमच्या खिशात असला तरी रक्कम त्याची होते. पासवर्ड बदलून हा धोका टळत नाही. अशा वेळी नवे वॉलेट, नवे शब्द, आणि शिल्लक ताबडतोब तिकडे हलवणे, एवढाच उपाय उरतो.

वॉलेटच्या निवडीवर फार वेळ घालवू नये. बिटकॉइनसाठी ब्लूवॉलेट किंवा संगणकावर स्पॅरो, इथेरियम आणि त्या जातीच्या नेटवर्कसाठी मेटामास्क, असे एखादे रुळलेले वॉलेट घ्यावे. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा: इलेक्ट्रम हे जुने आणि चांगले वॉलेट स्वतःच्या वेगळ्या पद्धतीचे शब्द देते, जे इतर बहुतेक वॉलेटमध्ये चालत नाहीत. म्हणून शब्दांच्या कागदावर वॉलेटचे नाव आणि तारीखही लिहावी.

रक्कम एवढी असेल की ती गेल्याने घरचे गणित बिघडेल, तर लेजर किंवा ट्रेझरसारखे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली फोनबाहेर ठेवणारे छोटे यंत्र, घ्यावे. ते उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. लॅमिंग्टन रोडवर किंवा मनीष मार्केटमध्ये ते स्वस्तात मिळते आहे म्हणून घेणे ही चुकीची काटकसर आहे. वापरलेले किंवा सील फोडलेले यंत्र घेऊच नये. आणि खोक्यात आधीच शब्द लिहिलेले कार्ड सापडले तर ते यंत्र म्हणजे सापळाच समजावा. शब्द यंत्राच्या पडद्यावर, तुमच्या समोर तयार व्हायला हवेत.

शब्द लिहिताना पुढील क्रम पाळावा. खोलीत एकटे असताना, आसपास कॅमेरा नसताना, ते हाताने, सुटसुटीत अक्षरांत आणि अनुक्रमांकासह लिहावेत. त्यांचा फोटो किंवा स्क्रीनशॉट घेऊ नये, ते स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवू नयेत, आणि ड्राइव्हवरच्या ‘महत्त्वाचे’ नावाच्या फाइलमध्ये तर मुळीच ठेवू नयेत. फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढतात, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. शब्दांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. बारा शब्द बरोबर आणि त्यांचा क्रम चुकीचा, तर वॉलेट उघडत नाही.

पावसाळ्यात मुंबईतल्या घरांच्या भिंतींना ओल येते, कपाटातल्या कागदांना बुरशी लागते आणि शाई पसरते. साध्या बॉलपेनने जाड कागदावर लिहून तो हवाबंद पिशवीत ठेवावा. मोठ्या रकमेसाठी पोलादी पट्टीवर अक्षरे ठोकून घ्यावीत. ते ठोकण्याचे काम स्वतः करावे, कोपऱ्यावरच्या नावाच्या पाट्या कोरणाऱ्याकडे देऊ नये. प्रत्येक शब्द त्याच्या पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे पट्टीवर चारच अक्षरे पुरतात. एक प्रत घरी आणि दुसरी वेगळ्या ठिकाणी, उदाहरणार्थ बँकेच्या लॉकरमध्ये, असावी. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर दुसऱ्या व्यक्तीलाही ते शब्द वाचता येतील, याचा विचार आधी करावा.

घरातल्या एका विश्वासू व्यक्तीला हे शब्द आहेत आणि ते कुठे आहेत एवढे तरी माहीत असावे. स्वतःच्या वॉलेटला बँकेसारखी वारस नेमण्याची सोय नसते. ज्याच्याकडे शब्द, त्याच्याकडे रक्कम.

सावधान: एक्स्चेंज, वॉलेटची कंपनी, आयकर विभाग, पोलीस, यांपैकी कोणालाही तुमचे शब्द मागण्याचे काम पडत नाही. मागणारा कोणीही असो, तो चोर आहे.

## टप्पा ४: रिकाम्या वॉलेटवर पुनर्प्राप्तीचा सराव

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात, आणि खरे तर सर्वांत कमी खर्चाचा तोच आहे. वॉलेट तयार झाल्यावर त्यातला रक्कम स्वीकारण्याचा पहिला पत्ता लिहून घ्यावा. मग ॲप फोनवरून काढून टाकावे, पुन्हा उतरवावे, ‘नवे वॉलेट’ न निवडता जुने परत आणण्याचा पर्याय निवडावा आणि कागदावरून शब्द भरावेत. तोच पत्ता पुन्हा दिसला, तर लिहिलेले शब्द बरोबर आहेत. दिसला नाही, तर चूक आत्ता सापडली हे उत्तम, कारण आत काहीही नाही.

हा सराव दुसऱ्याच्या संगणकावर किंवा एखाद्या संकेतस्थळावरच्या चौकटीत शब्द भरून करू नये. ‘तुमची सीड फ्रेज तपासून घ्या’ असे सांगणारी संकेतस्थळे शब्द चोरण्यासाठीच बनवलेली असतात.

## टप्पा ५: छोटी खरेदी आणि लगेच छोटी विक्री

अख्खा एक बिटकॉइन घ्यावा लागत नाही. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग असतात, त्यांना सातोशी म्हणतात, आणि एक्स्चेंजवर काहीशे रुपयांचीही खरेदी होते. पहिली खरेदी गेली तरी वाईट वाटणार नाही एवढ्याच रकमेची असावी.

खरेदी झाल्यावर तिच्यातला काही भाग लगेच विकावा आणि रुपये स्वतःच्या बँक खात्यात काढावेत. यात थोडे शुल्क जाईल, जाऊ द्यावे. रुपये किती वेळात आले, किती कापले गेले, टीडीएसची नोंद कुठे दिसते, बँकेच्या खातेउताऱ्यावर पाठवणाऱ्याचे नाव काय आले, हे सगळे कळते. अनेक फसव्या मंचांवर शिल्लक वाढताना दिसते, पण पैसे काढायला गेल्यावर ‘आधी कर भरा’, ‘आधी तारण ठेवा’ अशा मागण्या सुरू होतात. काही ठग विश्वास बसावा म्हणून पहिली छोटी रक्कम मुद्दाम काढू देतात, त्यामुळे ही चाचणी एकटी पुरेशी नाही. दुसऱ्या टप्प्यातली नोंदणीची तपासणी तिच्यासोबतच लागते.

## टप्पा ६: एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठवणे

न परतणाऱ्या चुका मुख्यतः या टप्प्यात होतात, त्यामुळे क्रम अजिबात बदलू नये.

पहिले काम, नेटवर्क ठरवणे. बिटकॉइनच्या बाबतीत हे सोपे आहे. डॉलरशी बांधलेल्या यूएसडीटीसारख्या नाण्याच्या बाबतीत मात्र नाव एकच असले तरी ते इथेरियम, ट्रॉन, बीएनबी स्मार्ट चेन अशा अनेक नेटवर्कवर वेगवेगळे फिरते. एक्स्चेंजवर हीच नेटवर्क ईआरसी२०, टीआरसी२०, बीईपी२० या नावांनी दिसतात. पाठवणाऱ्याकडे जे निवडले, तेच स्वीकारणाऱ्याकडे चालू असले पाहिजे. बिटकॉइनचे पत्ते १, ३ किंवा बीसी१ ने सुरू होतात, इथेरियमचे ०एक्सने आणि ट्रॉनचे टी या अक्षराने. त्यामुळे काही चुका वॉलेटच पकडते. पण इथेरियम, पॉलिगॉन आणि बीएनबी स्मार्ट चेन यांचे पत्ते दिसायला एकसारखेच असतात आणि तिथली चूक कोणी पकडत नाही. अशी रक्कम स्वतःच्याच वॉलेटमध्ये गेली असेल तर वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडून ती बहुधा दिसते, कारण किल्ली तुमचीच आहे. एक्स्चेंजच्या पत्त्यावर गेली असेल, तर ती परत देणे पूर्णपणे त्यांच्या मर्जीवर राहते.

दुसरे, शुल्काची सोय. ट्रॉनवरचे यूएसडीटी पुढे पाठवायला ट्रॉनचे मूळ नाणे असलेले टीआरएक्स थोडे लागतात, तर इथेरियमवरच्या कोणत्याही टोकनला (त्या नेटवर्कवर फिरणाऱ्या इतर नाण्याला) ईथर. वॉलेटमध्ये फक्त यूएसडीटी असतील तर शिल्लक दिसते, पण जागची हलत नाही. ‘माझे पैसे अडकले’ या तक्रारीमागे अनेकदा इतकेच असते. म्हणून त्या नेटवर्कचे मूळ नाणे थोडेसे आधी पाठवावे.

तिसरे, पत्ता. पत्ता हाताने कधीही टाइप करू नये; क्यूआर किंवा कॉपी-पेस्ट वापरावे. पण कॉपी केलेला पत्ता चिकटवताना बदलून टाकणारे घातकी प्रोग्राम असतात, म्हणून चिकटवल्यानंतर सुरुवातीची, मधली आणि शेवटची काही अक्षरे ताडून पाहावीत. फक्त सुरुवात आणि शेवट पाहणे पुरत नाही. तुमच्या नेहमीच्या पत्त्याशी दोन्ही टोकांना जुळणारा पत्ता तयार करून त्यावरून तुम्हाला क्षुल्लक रक्कम पाठवणे, आणि पुढच्या वेळी तुम्ही व्यवहारांच्या यादीतून तोच कॉपी कराल याची वाट पाहणे, ही आता रुळलेली युक्ती आहे. म्हणून पत्ता नेहमी स्वीकारणाऱ्या वॉलेटमधून नव्याने घ्यावा, जुन्या यादीतून नव्हे. बिटकॉइन वॉलेट दर वेळी नवा पत्ता दाखवते, यात गैर काही नाही. जुने पत्तेही तुमचेच राहतात.

चौथे, टॅग किंवा मेमो. एक्सआरपी किंवा स्टेलर एक्स्चेंजकडे पाठवताना पत्त्यासोबत एक क्रमांकही द्यावा लागतो. तो पत्ता अनेक ग्राहकांचा सामाईक असतो आणि रक्कम कोणाची हे त्या क्रमांकावरून ठरते. तो राहिला, तर रक्कम पोहोचते पण तुमच्या नावे जमा होत नाही.

पाचवे, आधी चाचणीची रक्कम. परवानगी असलेली सर्वांत लहान रक्कम पाठवावी, ती वॉलेटमध्ये दिसेपर्यंत थांबावे, आणि तिथून एकदा परत एक्स्चेंजकडे पाठवून पाहावी. दोन्ही दिशा चालल्या, तरच उरलेली रक्कम हलवावी.

रक्कम दिसत नसेल तर: एक्स्चेंजने दिलेला व्यवहार क्रमांक त्या नेटवर्कच्या ब्लॉक एक्सप्लोररमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकावा, बिटकॉइनसाठी मेमपूल डॉट स्पेस, इथेरियमसाठी इथरस्कॅन, ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन. व्यवहार क्रमांकच मिळाला नसेल, तर रक्कम अजून एक्स्चेंजमधून बाहेर पडलेली नाही. क्रमांक आहे पण कन्फर्मेशन शून्य असेल, म्हणजे व्यवहार अजून कोणत्याही ब्लॉकमध्ये (नोंदींच्या गठ्ठ्यात) गेलेला नसेल, तर थांबावे. बिटकॉइनमध्ये सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो, पण ती सरासरी आहे. कधी दोन मिनिटे लागतात, कधी तास. मोठ्या रकमेसाठी सहा कन्फर्मेशन, म्हणजे साधारण एक तास, थांबण्याची रीत आहे. या काळात घाबरून तीच रक्कम पुन्हा पाठवू नये. स्वतःच्या वॉलेटमधून कमी शुल्क लावून पाठवलेला व्यवहार रखडला असेल, तर वॉलेटमध्ये शुल्क वाढवण्याचा पर्याय असतो, तो वापरावा.

शुल्काबद्दल एक गोष्ट अनेकांना उशिरा उमगते. बिटकॉइनचे शुल्क रकमेवर नव्हे, तर व्यवहाराच्या माहितीच्या आकारावर ठरते. दर आठवड्याला पाचशे रुपयांचे बिटकॉइन वॉलेटमध्ये नेत राहिले, तर वॉलेटमध्ये असंख्य चिल्लर नोंदी साचतात, आणि पुढे त्या एकत्र खर्च करताना शुल्क भारी पडते. माझ्या मते, छोट्या रकमा काही महिने एक्स्चेंजवर साचवून एकदम हलवणे बरे. किती साचू द्यायचे, हे एक्स्चेंज बुडाल्यास किती नुकसान सोसेल त्यावरून ठरवावे.

सावधान: वॉलेटमध्ये अचानक उगवलेल्या अनोळखी टोकनला हात लावू नये. एखाद्या संकेतस्थळाला वॉलेट जोडल्यावर ते तुमची रक्कम हलवण्यासाठी मागत असलेली मंजुरी अमर्याद रकमेची आहे का, हे वाचल्याशिवाय सही करू नये.

## टप्पा ७: पीटूपी आणि रोखीचे व्यवहार

एक्स्चेंजला विकण्याऐवजी पीटूपी पद्धतीने, म्हणजे थेट दुसऱ्या व्यक्तीला, यूएसडीटी विकल्यास चार पैसे जास्त मिळतात, हे खरे आहे. त्या चार पैशांची किंमत अशी असते: समोरून आलेले पैसे सायबर फसवणुकीत लुबाडलेल्या कोणा तिसऱ्याच्या खात्यातले असू शकतात. तो तक्रार करतो, पैशांचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो, आणि दुसऱ्याच एखाद्या राज्याच्या पोलिसांच्या पत्रावरून तुमची बँक ती रक्कम, कधी कधी पूर्ण खातेच, गोठवते. शाखेत विचारल्यावर उत्तर मिळते की त्या पोलीस ठाण्याशी संपर्क साधा. पगाराचे खाते जोडू नये, असे वर म्हटले ते यासाठी.

नवशिक्याने पीटूपी टाळावे. टाळणे शक्यच नसेल, तर पैसे पाठवणाऱ्या बँक खात्यावरचे नाव आणि मंचावरचे केवायसीचे नाव अक्षरशः जुळत असेल तरच क्रिप्टो सोडावे. ‘भावाच्या खात्यातून पाठवतो’ म्हणणाऱ्याचा व्यवहार तिथेच रद्द करावा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरू नये, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसली पाहिजे. पूर्ण संवाद मंचाच्या आतच ठेवावा. टीडीएस कापण्याची जबाबदारी अशा व्यवहारात खरेदीदारावर येऊ शकते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

रोख घेऊन यूएसडीटी देणारे किंवा अंगडियामार्फत (खासगी रोख पोहोचवणाऱ्यांमार्फत) हिशेब मिटवणारे लोक शहरात भेटतात. त्यांच्याशी व्यवहार करू नये. पैशाचा उगम दाखवता येत नाही, फसवले गेल्यास तक्रार करायला कागद उरत नाही, आणि २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

## टप्पा ८: कराच्या नोंदी पहिल्या दिवसापासून

१ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, मग तुमचे उत्पन्न कोणत्याही टप्प्यातले असो. खरेदीची किंमत सोडून दुसरी वजावट मिळत नाही. ५०,००० रुपयांना घेतलेले ६०,००० ला विकले, तर १०,००० च्या नफ्यावर ३,००० अधिक १२० असे ३,१२० रुपये होतात.

जास्त बोचणारा नियम तोट्याचा आहे. बिटकॉइनमध्ये ४०,००० चा नफा आणि त्याच वर्षी ईथरमध्ये ४०,००० चा तोटा झाला, तर हातात शून्य उरते, तरी नफ्यावरचा १२,४८० रुपयांचा कर भरावाच लागतो. तोटा पुढच्या वर्षी ओढताही येत नाही.

याशिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या पूर्ण रकमेवर, निव्वळ नफ्यावर नव्हे, १ टक्का टीडीएस कापला जातो. लहान वार्षिक उलाढालीसाठी त्यात सूट आहे. तो अंतिम करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. एक लाख रुपये वर्षात दहा वेळा फिरवले, तर भाव तसाच राहूनही साधारण साडेनऊ हजार रुपये टीडीएसमध्ये जातात.

एक क्रिप्टो देऊन दुसरे घेणे हेही हस्तांतरणच आहे, आणि क्रिप्टो देऊन वस्तू घेणेही. स्वतःच्या एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये नेल्याने मात्र मालकी बदलत नाही, त्यामुळे ती विक्री ठरत नाही. पण त्याची नोंद नसेल, तर तीन वर्षांनी विकताना मूळ किंमत दाखवता येणार नाही.

प्रत्येक व्यवहाराची तारीख, नाणे, प्रमाण, रुपयांतली किंमत, शुल्क, टीडीएस, व्यवहार क्रमांक आणि ‘कुठून कुठे’ हे एका तक्त्यात त्याच दिवशी लिहावे. एक्स्चेंजचे अहवाल दर तिमाहीला उतरवून ठेवावेत. एक्स्चेंज बंद पडल्यावर ते मिळत नाहीत. विवरणपत्र भरताना आयकर विभागाचे २६एएस (कापलेल्या कराचा उतारा) आणि वार्षिक माहिती विवरण यांतल्या टीडीएसच्या रकमा आपल्या तक्त्याशी जुळवाव्यात आणि आभासी डिजिटल मालमत्तेचे (कायद्यात क्रिप्टोला हेच नाव आहे) स्वतंत्र परिशिष्ट असलेलाच अर्ज निवडावा. पगारदारांचा नेहमीचा आयटीआर-१ इथे चालत नाही.

## टप्पा ९: गडबड झाल्यास पहिला तास

सीड फ्रेज फुटल्याचा संशय असेल, तर तक्रारीच्या आधी उरलेली शिल्लक नव्या वॉलेटमध्ये हलवावी. एक्स्चेंजच्या खात्यात दुसरे कोणी शिरले असेल, तर ते गोठवण्याची विनंती करावी आणि ईमेलचा पासवर्ड बदलावा. रुपये गेले असतील, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जात असेपर्यंतच ते रोखता येतात. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जावे. सोबत व्यवहार क्रमांक, दोन्ही पत्ते, बँकेचा खातेउतारा आणि संवादाचे स्क्रीनशॉट न्यावेत. ज्या टेलिग्राम गटातून फसवणूक झाली, तो रागाने सोडू नये. सोडल्यास पुरावा दिसेनासा होऊ शकतो.

तक्रारीनंतर काही दिवसांनी ‘तुमचे गेलेले क्रिप्टो परत मिळवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ असा संदेश येण्याची शक्यता आहे. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात आणि हा संदेश त्या यादीतल्या प्रत्येकाला जातो. त्याला उत्तर न देता, पाठवणाऱ्याचा क्रमांक त्याच तक्रारीत जोडावा.